नव्यात जुनं चालत नाही

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. जवळच्या मैत्रिणीजवळ नाही, बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, तेव्हाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे, पण सरळ सांगता येईल का, ठाऊक नाही. विषय तसा हसण्यासारखाच आहे — एक नवा कॉम्प्युटर आणि त्यात घालायचं जुनं विंडोज. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस इतकी वर्षं गप्प राहतो का? राहतो.

बाबा सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होते. मूळचे वर्ध्याकडचे. बदली होऊन पुण्यात आले, निवृत्त होऊन धायरीत राहिले, पण बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. आई लवकर गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. निवृत्तीनंतर ते लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. नळाला पाणी नाही, रेशनकार्डावर सुनेचं नाव नाही, विधवेची पेन्शन अडकली — सकाळपासून दारात ‘जयभीम काका’ सुरू. ‘अर्ज नीट लिहिला ना माय, तं साहेबाले नाही म्हणायच्या आधी दोनदा विचार करा लागते,’ असं ते मला सांगायचे.

त्यांना पहिला कॉम्प्युटर मीच आणून दिला होता. त्यात मराठी टायपिंगचा एक प्रोग्राम होता, त्याच्या कळा अगदी टाइपरायटरसारख्या. तीस वर्षांची सवय होती बोटांना. आठवड्याभरात ते असे बसायला लागले, जणू कचेरी घरी आली.

मग मला हिंजवडीत नोकरी लागली आणि त्यांचे फोन सुरू झाले. ‘माय, हा कागद काऊन अडकून राहिला?’ ‘माय, पडदा निळा झाला, पाय बरं.’ दिवसातून तीनदा, चारदा. मी खुर्चीत वाकून, तोंडावर हात धरून, त्यांच्याच बोलीत सांगायची — हे दाबा, ते काढा. त्यांचं काम व्हायचं. माझंही बरं चाललं होतं. पुढे मी जे केलं, ते त्या फोनांनी कामात व्यत्यय यायचा म्हणून केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.

पण ते खरं कारण नव्हे. खरं कारण फार छोटं आहे — छोटं आणि घाणेरडं.

आमचा टीम लीड अस्सल सदाशिवपेठी. एकदा मी फोन ठेवला आणि तो म्हणाला, ‘तुमच्याकडे कॉम्प्युटरलाही वऱ्हाडीच कळतं वाटतं?’ सगळे हसले. मीही हसले, सगळ्यात मोठ्यानं. त्यानंतर कुणाचाही प्रोग्राम अडकला की कुणीतरी म्हणायचं, ‘काऊन अडकला?’ आणि हळूच माझ्याकडे बघायचं. मी इथेच शिकलेली, माझं मराठी कुणी ओळखणार नाही असं झालेलं. आणि दिवसातून चार वेळा बाबा त्या ऑफिसात येऊन सगळ्यांना सांगून जात होते, की ही कुठली आहे. कोणाची आहे.

पुढे लोडशेडिंगच्या दिवसांत वीज आली-गेली आणि जुना कॉम्प्युटर जळला. मी हौसेनं नवा आणला, नव्या विंडोजचा. त्यात बाबांचा प्रोग्राम चालेना. ते म्हणाले, ‘याच्यात जुनंच टाकून दे ना.’ म्हटलं, बघते.

शनिवारी दुपारी ते विहारात गेले होते. मी जुन्या विंडोजची सीडी घातली. अर्ध्यात अडकली. गंमत बघा — यंत्रात रॅम जास्त होती, आणि जुन्या विंडोजला तेवढी झेपत नाही, तर ते उलटंच सांगत होतं, की रॅम कमी आहे. मला उपाय माहीत होता. झाकण उघडलं, रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून टेबलावर ठेवली. चालू झालं. आवाज नव्हता, रंग सोळाच, अक्षरं मोठी मोठी — बाबांच्या डोळ्यांना सोयीचीच. त्यांचा प्रोग्राम टाकला. ‘प्रति, मा. तहसीलदार साहेब’ एवढं टाइप करून बघितलं. जुना प्रिंटर करकरला आणि ओळ कागदावर आली.

मी तो कागद हातात घेऊन बसले. आणि मला सोमवार दिसला. फोन, दाबलेला आवाज, ते हसू.

कागद फाडला. पट्टी परत बसवली. सगळं पुसून नवं विंडोज टाकलं. संध्याकाळी बाबा आले, तेव्हा मी चहा ठेवत होते. मी पाठमोरीच म्हणाले, ‘नाही होत, बाबा. नव्यात जुनं चालत नाही.’

त्यांनी एकदाही उलट विचारलं नाही. वाद घातला असता तर? कदाचित मी खरं बोलले असते. कदाचित नसते. ते दारात आलेल्यांना सांगू लागले, ‘माही पोरगी त्याच्यातलीच हाय. ते म्हणते नाही होत, म्हणजे नाही होत.’ अभिमानानं सांगायचे हो! नव्या कळांवर दोनेक महिने धडपडले. मग हातानं लिहू लागले, पण हात कापायचा. शेवंताबाईंचा पेन्शनचा अर्ज ‘अक्षर लागत नाही’ म्हणून परत आला, त्या दिवशी ते जेवले नाहीत. हळूहळू माणसं यायची थांबली. दुपारी पेपर वाचताना त्यांची बोटं पेपरावर जुन्या कळा दाबत राहायची. मी बघायची आणि आत निघून जायची.

ऑफिसात फोन थांबले. मला हवं होतं तसंच.

एके दिवशी त्यांनी मला एक कागद दिला. कॉम्प्युटरच्या कंपनीला लिहिलेला अर्ज, वाकड्यातिकड्या अक्षरात. म्हणाले, ‘इंग्रजी करून धाड.’ त्यात लिहिलं होतं: ‘सदर नवीन संगणकावर जुनी प्रणाली चालत नाही. माझी मुलगी स्वतः संगणक अभियंता असून तिने शर्थीचे प्रयत्न केले आहेत. यात तिचा काहीही दोष नाही. तरी जुनी प्रणाली चालू करून मिळावी, ही नम्र विनंती.’

मी हो म्हटलं. अर्ज पर्समध्ये ठेवला.

त्यानंतर ते ऑफिसात फोन करायचे ते एवढंच विचारायला — ‘उत्तर आलं का, माय?’ आणि मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणायची, ‘नाही आलं, बाबा.’ पाच-सहा वेळा विचारलं असेल. मग सोडून दिलं.

आता मी वारज्याला एकटी राहते, काम घरूनच. दिवसच्या दिवस फोन वाजत नाही. तो अर्ज माझ्याकडेच आहे. यात तिचा काहीही दोष नाही, असं त्यात त्यांच्या हातचं लिहिलेलं आहे, आणि खाली सही.

चालत होतं ते. मी चालवून पाहिलं होतं.