वाटंचे भाऊ

कुणी विचारलं, "तुमी दोघं एकाच जातीचे का?" की माझा जोडीदार हातातला पोती ओढायचा आकडा खांद्याला अडकवायचा आणि दोन बोटं वर करायचा. आधी लांब लांब. "हा वंजारी, मी बंजारा." मग बोटं जुळवायचा. "सख्खे न्हाईत, पर वाटंचे भाऊ."

परभणीच्या धान्याच्या मोंढ्यात आठ वर्षं आमची जोडी होती. तुम्ही हमाल पाहिले असतील. पोत्याला एका बाजूनं एक, दुसऱ्या बाजूनं दुसरा. समोरच्यानं हात सोडला तर पोतं आपल्या पायावर. त्यानं कधी सोडला नाही. "उचल रे," म्हणायचा, की उचललंच.

मी बिनशिकलेला, आणि खोडसाळही. "नावं सारखी, मंग फरक काय रे?" असं मुद्दाम डिवचायचो. तो पोत्यावर बसून शिकवायचा. "तुमचं आमचं आजं-पणजं बैलांवर धान्य वाहायचं, एवढंच सारखं. तुमच्या घरात मराठी, आमच्यात गोरमाटी. तुमी गावात, आमी तांड्यावर. तुमच्या बाया लुगडं नेसतात, आमच्या बायांच्या कपड्याला आरसे. कळलं का?"

"न्हाई."

"मंग उद्या परत."

विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेली ती वर्षं. कोण कुठल्या जातीचा, लोक तोंडावर विचारायचे. त्यातच एका आडतीवरची तुरीची पोती गायब झाली. चोरी झाली की आधी बंजाऱ्याला धरायची रीत होती. पोलीस आला. "लमाण कोण हाय हितं?"

मुनीमानं आमच्याकडं हात केला. "हे दोघं. वंजारी काय न् बंजारी काय, एकच."

त्यानं दोन बोटं वर केली. तो तोंड उघडायच्या आत मीच बोललो. "एक न्हाई, साहेब. मी वंजारी, गावातला. माझ्या घरात मराठी बोलतात. माझी बायको लुगडं नेसती. लमाण हा हाय." त्यानं आठ वर्षं शिकवलेलं मी एका दमात म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. तो माझ्याकडं बघत राहिला. मग गाडीत जाऊन बसला.

घरी बायकोला सांगितलं, थोडक्यात वाचलो. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आठ वर्सं कळंना तुमाला. आज बरं कळलं."

दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून ती त्याच्या बायकोकडं तांड्यावर निघाली. मला म्हणाली, चला. मी गेलो नाही.

पोती आडतीच्या सेठच्याच दुसऱ्या गुदामात निघाली. चौथ्या दिवशी तो कामावर आला. पाठ वाकत नव्हती. जोडी बदलून घेईल असं वाटलं होतं. नाही घेतली. माझ्यासमोरच उभा राहिला. "उचला," म्हणाला. आठ वर्षांत पहिल्यांदा मला अहो-जाहो.

बायको विचारायची, "बोललात का त्याला?" मी म्हणायचो, उद्या. तो वारला त्या दिवशी तिनं विचारणं बंद केलं. औंदा तीही गेली. आता घरात कुणी काही विचारत नाही.

तो सुटून आल्यावर महिनाभरानं चारठाण्याकडचा एक शेतकरी माल घेऊन आला होता. आम्हाला बघून म्हणाला, "तुमी भाऊ भाऊ का?"

त्यानं दोन बोटं वर केली. "हे वंजारी. मी बंजारा."

मी वाट बघत उभा राहिलो. बोटं होती तशीच लांब राहिली. मग त्याच हातानं त्यानं आकडा पोत्यात रुतवला.

"उचला."