ऐकू आलं की दोन खुणा मागे

त्याला सगळे कानसेन म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचंही. एकतीस वर्षं तो त्याच खोलीत, त्याच करकरणाऱ्या खुर्चीत बसून लोकांच्या गाण्यांचं मिक्सिंग करत होता. ड्रम इकडे, बासरी तिकडे, गाणारा मधोमध, आणि शेवटी रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. बंद खोलीत गायलेला आवाज मोठ्या दालनात गायल्यासारखा वाटावा म्हणून तो घालायचा. कमी पडला तर माणूस कपाटात उभा राहून गातोय असं वाटतं. जास्त झाला तर शब्दांचा पार लगदा.

यावर त्याचा एक नियम होता आणि दारात येईल त्याला तो ऐकवायचाच. समोरच्या यंत्रावरची रिव्हर्बची सरकती पट्टी खालून हळूहळू वर न्यायची. घुमारा ऐकू आला रे आला की थांबायचं, आणि यंत्रावर छापलेल्या दोन खुणा मागे यायचं. बस्स! पट्टीच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावलेली, तिच्यावर पट्टी जिथे जिथे ठरली तिथे पेन्सिलीच्या बारीक खुणा, वर्षानुवर्षांच्या. गेल्या दोन वर्षांत मात्र त्याने खूण केलीच नव्हती. हात बसलाय म्हणायचा, आता खुणा कशाला?

याच दोन वर्षांत तीन जुनी गिऱ्हाइकं गेली. एक जण जाता जाता बोललाही, "फार घुमतंय हो हल्ली." तो गेल्यावर कानसेन फणकारला, "नाचता येईना अंगण वाकडं! आधी गायला शिक म्हणावं." घरी बायको टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून ओरडायची. त्याचं म्हणणं, हिचेच कान नाजूक.

आता ताईची गोष्ट. ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण, सात वर्षांनी मोठी, शाळेतून निवृत्त झालेली. भावोजी जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांनी आयुष्यभर एका निळ्या वहीत कविता लिहिल्या आणि कुणाला म्हणून दाखवल्या नाहीत. ताईने त्यातल्या बारा निवडल्या, चाली लावल्या, आणि भावाकडे येऊन गायल्या. "माझा आवाज कसाही लागू दे," ती म्हणाली होती, "पण यांचे शब्द ऐकू आले पाहिजेत. एवढं कर." गुरुवारी भावोजींच्या ऑफिसातले जुने लोक ती गाणी ऐकायला जमणार होते.

मंगळवारी सकाळी ताई तयार गाणी ऐकायला आली. वही मांडीवर उघडून बसली आणि गाण्याबरोबर ओळीवरून बोट फिरवू लागली. दुसऱ्या कडव्यात बोट थांबलं.

"अरे, शब्द कुठे गेले?"

"अगं, स्पीकरच्या बरोबर मध्ये बस."

ती मध्ये बसली. पुन्हा ऐकलं. "मला पाठ आहेत म्हणून कळतायत. परक्याला काय कप्पाळ कळणार? विहिरीत उतरून गायल्यासारखं झालंय."

कानसेन उसळला. एकतीस वर्षांनंतर आपल्या माणसाने असं तोंडावर म्हणावं! "थांब, तुला करूनच दाखवतो," म्हणत त्याने रिव्हर्बची पट्टी अगदी खाली ओढली आणि गाणं लावलं. "हळूहळू वर नेतो. घुमारा ऐकू आला की हात वर कर. मग बघ माझी पट्टी कुठे थांबते ते."

ताईने लगेचच हात वर केला.

"अगं, अजून काहीच नाही!"

"नाही कसं? प्रत्येक शब्दामागे शेपूट येतंय की."

त्याने तोंड वाकडं केलं आणि पट्टी वर नेत राहिला. ताईचा हात वरच. मग तिने कपाळाला आठ्या घातल्या. मग चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले. आणि तेव्हा, तेव्हा कुठे कानसेनाला घुमारा ऐकू आला.

त्याने खाली पाहिलं. पट्टी चिकटपट्टीच्या वरच्या टोकाच्याही पलीकडे गेली होती. इतक्या वर्षांची एकही खूण तिच्या आसपास नव्हती.

"चुकून झालं असेल," तो म्हणाला. त्याने ताईला पाठमोरं बसवलं, डोळे मिटायला लावले, पुन्हा केलं. पुन्हा. तिसऱ्यांदाही ताईचा हात पेन्सिलीच्या जुन्या खुणांपाशीच वर झाला. त्याला मात्र तिथे काहीही ऐकू आलं नाही. काही म्हणजे काही नाही.

नियम शहाणा होता हो, पण तो उभा होता याच्या कानांवर, आणि कान केव्हाच पाठ दाखवून गेले होते. ऐकू येईपर्यंत वर न्यायचं म्हणे! जितकं कमी ऐकू येईल तितकं हा वर नेणार, वर स्वतःला शाबासकी देणार. दोन वर्षं. ती तीन गिऱ्हाइकं. टीव्ही. सगळं एकदम अंगावर आलं.

"ताई, मी किती लोकांची गाणी बुडवली गं?"

ताईने त्याला जवळ घेतलं नाही की धीर दिला नाही. "ते नंतर मोज," ती म्हणाली. "आधी यांची बारा आहेत."

मग दोघं कामाला बसली. हाताला जे ठाऊक होतं ते त्याने न ऐकताच केलं. घुमाऱ्यातला खालच्या सुरांचा जाडेपणा कापला. शब्द उमटल्यावर किंचित थांबून मगच घुमारा सुरू होईल असं अंतर ठेवलं, म्हणजे शब्दाचं तोंड मोकळं राहतं. आणि पट्टी? पट्टीसाठी त्याने गाण्याकडे कान दिलाच नाही, ताईच्या हाताकडे डोळे लावले. हात वर झाला की थांबायचं, दोन खुणा मागे. दुपार टळली तेव्हा बारावं गाणं आलं.

"कोरडंठाक आहे हे," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "ताई, तू कपाटात उभी राहून गातेयस. असं नको सोडूस लोकांपुढे."

ताईचं बोट निळ्या वहीतल्या ओळीवरून पुढे सरकत होतं, कुठेही न अडता. शेवटच्या शब्दावर येऊन ते टेकलं. तिने डोळे पुसले.

"एकेक शब्द लागतोय रे यांचा."

"नक्की?"

"नक्की."

त्याने पेन्सिल उचलली. जुन्या खुणांशेजारी एक नवी खूण केली, आणि त्याला कोरडं ऐकू येत होतं ते गाणं तसंच सेव्ह केलं.