वस्त्रदालनातली हवा मोजणाऱ्या आमच्या मॅडम

सोमवार. सरोजा मॅडम आज पहाटे गेल्या.

दिवाळीपासून आजारी होत्या. सकाळी हॉस्पिटलमधून घरी आणलं. दुपारच्या आत सगळं उरकलं. मी तिथून सरळ कॉलेजला आले. लॅबमध्ये बसून हे लिहितेय.

मला फारसं बोलता येत नाही, हे ओळखीच्यांना माहीत आहे. लिहायची तर सवयच नाही. पण मॅडमचं शेवटचं काम फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

त्यांनी मला मायक्रोबायॉलॉजी शिकवली. पुढे मी त्यांच्याच डिपार्टमेंटला लागले. रिटायर झाल्यावरही त्या येत राहिल्या.

इथं सोलापुरात, भवानी पेठेत एका ट्रस्टचं छोटं वस्त्रसंग्रहालय आहे. त्याच्या दालनातल्या हवेत किती जंतू आहेत, हे त्या तपासत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या आजोबांनी मागावर विणलेलं एक लुगडं तिथे आहे, ते बघायला गेल्या आणि म्हणाल्या, "इथं कोंदट वास येतोय."

धूळ येते म्हणून ट्रस्टनं दालनाच्या खिडक्या कायमच्या बंद केल्या होत्या.

मॅडमचं म्हणणं, "धूळ बाहेर राहिली, कबूल. पण माणसांचा श्वास आत राहतोय की. तो त्या कापडावर बसतो. आणि कस्तुराबाईंच्या छातीत जातो."

कस्तुराबाई दालनात दिवसभर खुर्चीवर बसतात, राखणीला. सतत खोकतात.

ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणाले, "वर्षभराचे रिपोर्ट द्या. तुमचं खरं निघालं तर खिडक्या उघडू."

काम तसं साधं. काचेच्या छोट्या बशीत, म्हणजे पेट्री प्लेटमध्ये, जंतूंचं खाद्य गरम असताना ओतून थिजू द्यायचं. दालनात माणसं असताना ती प्लेट उघडी ठेवायची, तुलनेला तशीच एक बाहेरच्या व्हरांड्यात. हवेतले जंतू तिच्यावर पडतात. मग झाकून इनक्युबेटरच्या उबेत. दोन दिवसांत ठिपके उगवतात. ते मोजायचे.

पहिल्या वेळी प्लेट्स मांडून आम्ही समोर चहाला गेलो.

दोन दिवसांनी बघितलं तर दालनातल्या एकाही प्लेटवर ठिपका नाही!

सेक्रेटरींना कळलं. त्यांनी लगेच ग्रुपवर टाकलं, "आपल्या दालनाची हवा शंभर टक्के शुद्ध." पुढे फुलं, हात जोडलेले.

मॅडमनी प्लेट उजेडात धरली. "एवढी शुद्ध हवा? सोलापुरात? हिमालयात पण मिळायची नाही गं."

आम्ही परत पेठेत गेलो. कस्तुराबाईंनी लगेच सांगितलं.

"झाकल्या की वो मी. तुमी गेला चहाला आन् बशा तशाच उगड्या. खायचं कायतरी असंल म्हनलं. उगडं ठिवू ने, माशी बसती. तुमी येताना दिसला तवा झाकनं काडून ठिवली. हात लावला म्हनून रागवाल म्हनलं."

मी मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"कस्तुराबाई, तुमच्या पोरांना कधी जुलाब झाले नसतील."

"न्हाई की! कवाच न्हाई."

सेक्रेटरींना हे सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, आलाय चांगला रिपोर्ट तर राहू द्या की. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," मॅडम म्हणाल्या.

त्या आठवड्यात आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. तेव्हापासून झाकणं स्वच्छ पिशवीत घालून मॅडमच्या पर्समध्ये. आणि चहा बंद. दोघी तिथेच बसून राहायचो. मी गप्प, त्या बोलायच्या. "तुझ्या तोंडालाही कस्तुराबाईंनी झाकण घातलंय का गं?"

उन्हाळ्यात मोजलं. पावसाळ्यात मोजलं. प्रत्येक वेळी बाहेरच्या व्हरांड्यापेक्षा बंद दालनातल्या प्लेटवर जास्त ठिपके.

सेक्रेटरी म्हणाले, "थंडीतलं बघू, मग ठरवू."

थंडीत शाळांच्या सहली येतात. पहिली सहल उद्या, मंगळवारी आहे.

गेल्या आठवड्यात मी हॉस्पिटलमध्ये गेले, तेव्हा मॅडमनी तब्येतीचं काही बोलूच दिलं नाही.

"मंगळवारच्या प्लेट्स केल्यास का?"

"मॅडम, तुम्ही आधी बऱ्या व्हा."

"मी बरी होईन, न होईन. सहल थांबणार आहे का?"

आज त्यांच्या दारात सेक्रेटरी भेटले. वाईट माणूस नाही. रडत होते. हळूच म्हणाले, "आता उद्याचं राहू द्या. मॅडमच नाहीत. तो पहिला रिपोर्ट आहे ना, तोच फाइलला लावू आणि विषय संपवू."

मी म्हणाले, "तो रिपोर्ट नाही. त्या प्लेट्स झाकलेल्या होत्या."

"अहो, पण आता करणार कोण?"

कस्तुराबाई पायरीवर बसल्या होत्या. पदर तोंडाला लावून खोकत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी करते," मी म्हणाले. "उद्या सहल यायच्या आधी येते. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेची गर्दी होईल, तेव्हाही येणार. रिपोर्ट पूर्ण झाला की खिडक्यांचं बोलू."

एवढं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते म्हणाले, "बरं. दालन लवकर उघडायला सांगतो."

मॅडम, तुम्हाला मनापासून नमस्कार. शांतपणे जा.

लॅबमध्ये आज कुणी नाही. जंतूंचं खाद्य निर्जंतुक करायला लावलेला कुकर उतरवला. बर्नर पेटवला. प्लेट्स ओळीनं मांडल्या. खाद्याचा फ्लास्क गालाला लावून बघितला. अजून ओतण्याइतका निवला नाही.

थांबलेय.