शर्टाचा वास

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात बावीस वर्षं काढलेल्या ऑपरेटरला सगळे नाकोबा म्हणत, आणि त्याला त्याचा कोण अभिमान! टाकीतल्या जिवाणूंना तो ‘मंडळी’ म्हणे. घाण हे मंडळींचं जेवण. ब्लोअरची हवा पोचली की ऑक्सिजनच्या जोरावर ती जेवणातली पुरेपूर ताकद काढून घेत, भराभर वाढत, आणि टाकीला ओल्या मातीसारखा वास येई. ऑक्सिजन आटला की दुसरीच जमात डोकं वर काढी. ती ऑक्सिजनऐवजी पाण्यातल्या सल्फेटवर भागवी. ताकद मिळे जेमतेम, वास मात्र सडक्या अंड्यांचा. मंडळी खुशीत आहेत की रुसलीत, हे नाकोबा फाटकातूनच सांगे.

आणि नेमकं सर्दीने त्याचं नाकच गेलं. सर्दी बरी झाली, वास काही परतला नाही. हे कळलं तर आपल्याला गेटवर बसवतील, या धास्तीने त्याने कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तो टाकीतला ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरवर विसंबला. मीटरने ऑक्सिजन भरपूर दाखवला, तेव्हा त्याने ऐटीत ब्लोअर कमी केला.

दुपारी तो घरी आल्यावर बायकोने धुवायला शर्ट उचलला नि नाक मुरडलं.

“अहो, रोज मातीचा वास येतो. आज काय अंडी फोडून आलात?”

“तुला कळतं वासावरून?”

“बावीस वर्षं कोण धुतंय?”

नाकोबा तसाच उलट पावली केंद्राकडे धावला.

मीटरच्या पाण्यात बुडालेल्या टोकाला चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि त्यांत हवेचा बुडबुडा अडकला होता. मीटर इमानेइतबारे त्या बुडबुड्यातलाच ऑक्सिजन मोजत बसला होता. खाली मंडळी गुदमरत होती. नाकोबाने ब्लोअर पूर्ण सोडला आणि इंजिनिअर बाईंपुढे सगळं कबूल केलं.

“गेटवर पाठवा, मॅडम.”

बाईंना हसू आवरेना. “नाक येईपर्यंत वहिनींचं वापरा. आणि मीटर रोज पुसत जा.”

तेव्हापासून घरी दारातच तपासणी सुरू झाली. बायको कॉलरपाशी नाक नेई आणि निकाल देई, “माती. या आत.”

पंधरा दिवसांनी टाकीजवळ त्याला ओल्या मातीचा वास आला. आनंदाने त्याला रडूच फुटलं. बाईंना त्याने लगेच सांगितलं.

घरी येऊन तो दारात उभा राहिला. बायको वाकली. तिच्या केसांना साबणाचा मंद वास येत होता. बावीस वर्षांत आपण तो कधी घेतलाच नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं.

“माती,” ती म्हणाली. “या आत.”

नाक परत आल्याचं त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.