आयसीयूतला रहाट

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर वेड्यात काढलं. तरी हे लिहितेय... कारण त्याची चिडचिड अजून गेलेली नाही.

१९८६ चा एप्रिल. माझे वडील, आप्पा, हार्ट अटॅक येऊन रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. कितीतरी रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. असंबद्ध बोलत, नळ्या ओढत. डॉक्टर म्हणाले, श्वास कमजोर आहे, झोपेचं औषध देता येणार नाही. पण झोपले नाहीत तर हृदय थकेल.

झोपणार कसे? डोक्यावर अखंड ट्यूबलाइट, मॉनिटरची टिकटिक, ट्रॉलीचं कुरकुरणारं चाक, सिस्टरांच्या गप्पा! मी सगळ्यांशी भांडले. दुपारी तासभर दिवे बंद करायला लावले, ट्रॉली स्वतः बाहेर नेऊन ठेवली आणि स्टुलावर बसले. आप्पा टक्क जागे. मला रडू फुटलं.

इतक्यात ते म्हणाले, "रहाट सुरू झाला वाटतं." आणि झोपले. चक्क घोरायला लागले.

पावसला, आमच्या गावी, बागेतल्या विहिरीवर पाणी काढायला बैलाचा रहाट होता. त्याच्या कुरकुरीत आप्पा लहानपणापासून झोपत. पण पंप बसवल्यावर आम्ही तो मोडला, लाकडं बंबात जाळली. म्हटलं, भास झाला असेल.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचे गुहागरचे म्हातारे जागे झाले. आप्पांशी ते कधी एक शब्द बोललेले नव्हते. म्हणाले, "बरी नीज लागली गो बाय. तो रहाट थांबवू नको सांग." सिस्टरनेही ऐकला होता, तिला वाटलं, मागे कुणाची विहीर असेल. मी जाऊन पाहिलं. मागे नुसता कातळ.

पुढे रोज दुपारी तेच. दोघे गाढ झोपत, आणि मी कान टवकारून बसलेली... मला काही म्हणजे काही ऐकू येईना. इतका संताप यायचा!

आप्पा बरे होऊन घरी आले. एकदा न राहवून मी विचारलं, सगळ्यांना ऐकू आला, मग मलाच का नाही?

आप्पा म्हणाले, "अगो, तूच तर हाकत होतीस. बैलामागून फिरून फिरून तुझे पाय दमले असतील म्हणून मी हाक मारणार होतो. पण झोप लागली."

आप्पांना झोप लागेपर्यंत मी त्या स्टुलावरून उठलेच नव्हते. याचं काय करायचं, मला आजही कळलेलं नाही.