लवंगतेलाची पट्टी

कारखान्यात तिला सगळे नाकताई म्हणत. एके काळी ती त्या नावाने सुखावे. हल्ली कुणी तशी हाक मारली की ती नजर चुकवी.

भाजलेल्या जखमांवर लावायची पातळ पट्टी तिथे बनत असे. प्लॅस्टिकचे दाणे वितळत आणि शेवटच्या टप्प्यावर त्यात लवंगतेल मिसळे. जखमेत जंतू वाढू नयेत म्हणून ते तेल. पण तेल मोठं नाजूक. यंत्र जरा जास्त तापलं की ते उडून जाई, आणि पट्टी दिसायला तशीच चकचकीत. तपासणीचा अहवाल उशिरा येई. तोवर नाकताईने यंत्राच्या तोंडाशी वास घेऊन ‘चालू द्या’ म्हटलं की माल पुढे जाई. याच कामावर घर चाललं, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं औषधपाणी झालं.

मग तिला ताप आला. उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. चुलीशेजारी उभी असूनही दूध करपल्याचं तिला कळलं नाही. नवरा आतून ओरडला तेव्हा कळलं.

तिने कुणाला सांगितलं नाही. लवंगेने जीभ बधिर होते, हे दातदुखीपायी ठाऊक होतं. कडेची कापून पडलेली पट्टी उचलायची, पाठ वळवून जिभेला लावायची. मुंग्या आल्या की हात वर करून ‘चालू द्या’. दिवस ढकलले जात होते, पण जीव सतत टांगणीला.

पॅकिंगमध्ये तिची नणंद होती, जिभेला हाड नसलेली. जेवणाच्या सुट्टीत ती सगळ्यांसमोर म्हणाली,

“वहिनी, हल्ली मीठ फार वरून घेता! जीभ म्हातारी झाली वाटतं?”

“तुमच्या बडबडीने कान गेलेत वन्सं, जीभ शाबूत आहे.”

सगळ्या हसल्या. तिने मिठाची डबी बाजूला सारली.

एके दिवशी तिने पट्टी चाटली आणि काहीच झालं नाही. दुसरी चाटली. तिसरी. मग आठवलं, सकाळचा चहासुद्धा नुसता गरम लागला होता. म्हणजे पट्टीत तेल नाही, की आपली जीभच मेली? यंत्र थांबवावं तर आतला माल करपणार आणि ‘का थांबवलं’ याचं उत्तर द्यावं लागणार. न थांबवावं तर कुणाच्या तरी सोललेल्या अंगावर नुसतं प्लॅस्टिक.

“नाकताई, बोला की! सोडू ना माल?” पाळीप्रमुख ओरडला.

तिने लाल बटण दाबलं. घरघर थांबली.

“मला वास येत नाही,” ती म्हणाली. “तापापासून.”

नणंद धावत आली, तिच्या हातातली पट्टी नाकाला लावली. आता टोमणा येणार म्हणून नाकताईने मान खाली घातली.

“वहिनी,” नणंद हळू आवाजात म्हणाली, “ह्याला काही म्हणजे काही वास नाही हो.”

पाळीप्रमुखाचा चेहरा उतरला. “आजच बिघडलं ना? कालचा माल बरा होता ना? तो सकाळीच रुग्णालयात गेलाय.”

हो म्हणणं सोपं होतं. काल मुंग्या आल्या होत्या खऱ्या. पण त्या पट्टीच्या, की रोज चाटून आधीच बधिरलेल्या जिभेच्या?

“सांगता येत नाही. कालचा परत मागवा. परवाचाही. त्याआधीचे अहवाल आलेत.”

तो फोनकडे पळाला. नणंदेने स्टूल पुढे सरकवलं, तरी ती बसली नाही. काचेपलीकडून त्याचा आवाज येत होता, “उघडल्या का? कुणाला लावल्या का?” पलीकडचं उत्तर मात्र तिला ऐकू येत नव्हतं.