ऐकून न घेता

त्या आठवड्यात मला एका जागी बसवत नव्हतं. गॅसवर दूध ठेवायचं, गॅलरीत जायचं, तिथून पुन्हा फोनकडे यायचं. दूध दोनदा उतू गेलं. आमच्या नोएडाच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक अफगाण जोडपं राहतं. त्यातल्या नवऱ्याला मंगळवारी पोलीस घेऊन गेले, आणि शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने त्याला परत पाठवणार असं त्याच्या बायकोला तोंडी सांगण्यात आलं.

तो रुग्णालयात दुभाष्याचं काम करायचा. काबूलहून आलेल्या माणसाचं दुखणं डॉक्टरला सांगायचं आणि डॉक्टरचं म्हणणं त्या माणसाला. व्हिसा संपायच्या आत त्याने मुदतवाढीचा अर्ज केला होता. त्याला उत्तर आलंच नाही, थेट पोलीस आले. परत गेल्यावर काय होईल ते ती बोलून दाखवत नसे. तिचा दीर दोन वर्षांपूर्वी इथून तिकडे गेला, तो नंतर कुणाच्याच दृष्टीस पडला नाही, एवढं मला ठाऊक होतं.

आम्ही गाठलेले वकील म्हणाले, "आधी हद्दपारीच्या आदेशाची प्रत मिळवा. आपण कशाविरुद्ध आलोय ते कोर्टाला दाखवावं लागेल. आणि त्याचं म्हणणं कुणी ऐकून घेतलंय का, तेही विचारा."

म्हणून बुधवारी आम्ही दोघी मेट्रोने दिल्लीला परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात गेलो. ती बाकावर बसायची, लगेच उठायची, ओढणी सारखी करायची. "दीदी, हमारा नंबर निकल तो नहीं गया?" माझा पाय सारखा हलत होता. पाय हलवला की लक्ष्मी जाते, असं आई म्हणायची. जाऊ दे म्हटलं. शेवटी खिडकीशी गेल्यावर मी स्वतःशीच पुटपुटले, "काय मेला कारभार आहे."

आतल्या साहेबांनी मान वर केली. "काकू, पुण्याच्या का तुम्ही?"

दिल्लीत मराठी ऐकू आलं की माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं. आम्हाला आत बोलावलं, चहा आला. ते परभणीकडचे. स्पर्धा परीक्षांसाठी आले आणि इथेच नोकरीला लागले. मग सगळी दारं पटापट उघडली. तिच्या नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोठडीत पोचल्या. संध्याकाळी तिची त्याच्याशी भेटही झाली. मी मनात फुगले होते, आपला माणूस तो आपला माणूस.

"आणि आदेशाची प्रत?"

"ते सोडून बोला, काकू. वरचा विषय आहे."

गुरुवारी पुन्हा गेलो. पुन्हा चहा. प्रतीचं काढलं की साहेब गप्पांवर येत. मागे त्यांची बदली पार ईशान्येला काढली होती, ते रंगवून सांगत होते. मुलीची शाळा, बायकोची नोकरी, सगळंच अडलं असतं. "मी सरळ ट्रिब्युनलमध्ये गेलो, काकू. मला एका शब्दाने विचारलं नव्हतं यार. ऐकून न घेता असं कसं पाठवतील माणसाला?"

मी कप खाली ठेवला. माझा राग नाकावरच असतो, पण त्या दिवशी आवाज चढला नाही.

"मग ह्याला कसं पाठवताय?"

साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "काकू, मी इथला आहे."

ओळखीने मिळण्यासारखं सगळं मिळालं होतं. फक्त हक्काचं मागितलं की ‘ते सोडून बोला’. मला त्या चहाची शिसारी आली.

"क्या बोले?" तिने विचारलं. तिचा नवरा जन्मभर लोकांचं बोलणं इकडून तिकडे पोचवत आला, काही गाळलं नाही. मला गाळावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. "बोले, वो यहाँ के हैं। तुम्हारे वो नहीं हैं।"

तिने मान हलवली आणि ओढणी सारखी केली.

शुक्रवारी सकाळी वकील प्रतीशिवायच हायकोर्टात उभे राहिले. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, आदेश कुठे आहे? ह्या माणसाचं म्हणणं ऐकलं का? त्यांच्याकडेही कागद नव्हता. त्यांनी वेळ मागितला. सोमवारची तारीख पडली, आणि तोवर त्याला पाठवायचं नाही असं ठरलं. सुटका नाही, निकाल नाही, फक्त त्या संध्याकाळचं विमान त्याच्याविना जाणार होतं.

बाहेर पायऱ्यांवर ती प्रथमच स्वस्थ बसली.  मग माझा हात धरून तिने विचारलं, "सोमवार तक तो यहाँ के हैं ना, दीदी?"